पीएम सेन्सरचं रीडिंग एआयने सुधारायचंय, पण मॉडेल नव्या डेटावर आपटतंय

धूलिकण:
मंडळी, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, हवेतली धूळ मोजणारा बोर्ड बनवतोय, ईएसपी३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर), धुळीसाठी पीएमएस५००३, तापमान-आर्द्रतेसाठी बीएमई२८० आणि गॅससाठी एमक्यू१३५. दुपारी आकडे बरे येतात पण पहाटे हवा दमट झाली की पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ) रेफरन्स मॉनिटरच्या, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या अचूक यंत्राच्या, जवळजवळ दुप्पट दाखवतो. दहा दिवसांच्या डेटावर न्यूरल नेटवर्क ट्रेन केलं, टेस्टमध्ये झकास आलं आणि पुढच्या आठवड्याच्या डेटावर पार आपटलं. शिवाय सर्किट एका एआय चॅटबॉटला विचारून काढलंय, एमक्यूचं आउटपुट ईएसपीच्या जीपीआयओ२५ पिनला दिलंय, वायफाय चालू केलं की ते रीडिंगच गंडतं. कुठे चुकतोय?

दवबिंदू:
पहाटेचं कारण सरळ आहे. हा सेन्सर लेझरचा उजेड कणांवरून किती विखुरतो ते बघतो, दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि त्याला धूळच वाढल्यासारखी वाटते. त्यामुळे मॉडेलला आर्द्रता द्यायलाच हवी, पण आधी साधं लिनियर रिग्रेशन (डेटावर सरळ रेषेचं सूत्र बसवणं) करून बघ. पर्पलएअर कंपनीच्या ज्या मॉनिटरमध्ये हाच पीएमएस५००३ असतो, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या ईपीएचं (तिकडची पर्यावरण संस्था) सूत्र आहे: ०.५२४ × रीडिंग − ०.०८६२ × आर्द्रता + ५.७५. म्हणजे रीडिंग ६० आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर उत्तर साधारण ३०. ते आकडे तिकडच्या हवेचे आहेत, तुझे तू काढ, आणि सेन्सर दोन प्रकारचे आकडे पाठवतो त्यातला सीएफ१ वाला घे.

टेस्ट डेटा रँडम निवडलास ना? मग ९:०० चं रीडिंग ट्रेनिंगमध्ये आणि ९:०१ चं टेस्टमध्ये, मॉडेलने उत्तर आधीच बघितलेलं असतं. तारखेने तोड, पहिले सात दिवस ट्रेनिंग, शेवटचे तीन टेस्ट.

सोल्डरगन:
जीपीआयओ२५ हा एडीसी२ चा पिन (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, ईएसपीत असे दोन आहेत), वायफाय चालू असताना एडीसी२ वर भरवसा ठेवता येत नाही. ३२ ते ३९ मधला घे, ते एडीसी१ वर आहेत. आणि एमक्यूचं मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतं, ईएसपीचा पिन ३.३ चा, मध्ये दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज कमी कर नाहीतर पिन जाईल. चॅटबॉटकडून सर्किट घ्यायला माझी हरकत नाही, मीही घेतो, पण एकेक पिन डेटाशीटशी ताडून बघतोच.

बीएमई२८० कुठे बसवलायस?

धूलिकण:
बोर्डवरच, ईएसपीला अगदी चिकटून. तुम्ही विचारल्यावर आत्ता वायर लावून डब्याबाहेर काढला, आर्द्रता ५८ ची ७१ झाली!! म्हणजे दहा दिवसांचा डेटा गेला का?

दवबिंदू:
अरे फेकू नकोस. ईएसपीच्या उष्णतेने तापमान वाढलं म्हणून टक्केवारी कमी दिसली, हवेतली वाफ तेवढीच होती. बीएमईचं तापमान आणि आर्द्रता यावरून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) काढ, मग रेफरन्स मॉनिटरजवळचं तापमान घेऊन त्यावर आर्द्रता परत मोज, बऱ्यापैकी जवळ येईल. त्यावर आधी लिनियर चालव आणि आकडे इथे टाक.