मरळ म्हणजे नेमका कोणता मासा?

प्रश्न : माझ्याकडच्या कोशात 'मरळ' या शब्दाची 'एक मासा' एवढ्यावरच बोळवण केली आहे. कुणी म्हणतं वाम आणि मरळ एकच, कुणी म्हणतं स्नेकहेड तो हाच. खरं काय?

उत्तर : स्नेकहेड बरोबर, वाम नव्हे. वामीचं तोंड पुढे सोंडेसारखं निमुळतं असतं आणि पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. मरळीच्या परांत काटाच नाही. पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीजवळपर्यंत सलग जातो, आणि चपट्या डोक्यावर सापासारखे मोठे खवले. एवढं पाहिलं तरी पुरे.

मात्र मरळ ही एकच जात नव्हे. 'चन्ना' प्रजातीतल्या मोठ्या वाढणाऱ्या जातींना सरसकट मरळ म्हणतात. अंगावर तिरपे पट्टे असले की बहुधा चन्ना स्ट्रायाटा. शेपटीच्या बुडाशी फिकट कडेचा, डोळ्यासारखा काळा ठिपका असला की चन्ना मारुलियस. पिल्लांत तो ठिपका जास्त उठून दिसतो.

– पाण्याबाहेरही जगते म्हणतात, ते खरं की गप्पा?

खरंच आहे. कल्ल्यांच्या वर हवा भरून घ्यायची पोकळी असते. अंग ओलं असलं की बराच वेळ तग धरते. डबकं आटलं तर ओल्या चिखलातही राहते. पण गंमत अशी की हवा तिला घ्यावीच लागते. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर हा मासा चक्क पाण्यात बुडून मरतो!

म्हणूनच शेवाळलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात, जिथे बाकीचे मासे तडफडतात, तिथे तिचं बस्तान. पाणवनस्पतींत दबा धरायचा आणि बेडूक, मासळी, किडा, जे टप्प्यात येईल ते गट्टम.

– मग पिल्लांनाही खात असेल!

उलट पहारा देते. झाडोरा बाजूला सारून मोकळ्या केलेल्या जागी अंडी तरंगतात, कारण त्यांत तेलाचा थेंब असतो. पुढे केशरी पिल्लांचा थवा वर फिरतो आणि खाली आईबाप. पिल्लं मात्र वाढताना एकमेकांनाही खायला सोडत नाहीत.

– अमेरिकेत हिच्यावरच बंदी आहे ना?

सगळ्याच स्नेकहेडांच्या जिवंत आयातीवर, 2002 पासून. त्या वर्षी मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात सापडली ती चन्ना आर्गस, मूळची पूर्व आशियातली. आपल्या मूळ पाण्यात शिकारीला शिकारी असतो. परक्या तळ्यात नेऊन सोडल्यावर मासा राक्षस ठरवायचा, हे काही पटत नाही.