टॅटूत शिरोरेषेला कुठलं मशीन? रेघ आणि शेडिंग एकावर भागेल का?

मेंदीवाली_कोथरूड
बारा वर्षं लग्नाच्या मेंद्या काढल्या, आता टॅटू शिकतेय. आठ महिने झाले, नकली कातडीवर रोज हात चालवते. मशीन सरांचं, जुनी कॉइल (विद्युतचुंबकाने सुई हलवणारं). आता स्वतःचं घ्यायचंय, बजेट 25 हजार. अडचण अशी की लोकांना हवं असतं ‘आई’ नाहीतर ‘शिवराय’. अक्षरं वळणदार येतात, पण शिरोरेषा मधेच फिकी पडते आणि शेवटी गाठ येते. रेघेला एक आणि शेडिंगला एक अशी दोन मशीन घ्यावीत का?

कसब्यातला_कॉइलवाला
ताई, फिकी रेघ आणि गाठ हे मशीनचं दुखणं नाही. मेंदीचा कोन दाबला की धार सुटते, हात कसाही फिरला तरी चालतं. इथे सुईचे ठोके ठरलेले असतात. हात पुढे पळाला की रेघ फिकी, आणि सुई उचलायच्या आत हात थांबला की गाठ. विमान उठतं तशी चालत्या हातानेच सुई उचला. शिरोरेषा मनगटाने नाही, कोपरापासून ओढा आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरा. (‘शिवराय’ला आधी अक्षरं, मग वरची रेघ. उलट केलंत तर अक्षरं रेघेला लोंबकळल्यासारखी दिसतात.)

आता मशीन. मी स्वतः कॉइलवर वाढलो. लायनर (रेघेचं मशीन) आणि शेडर (शेडिंगचं) वेगळे बांधायचे, लायनरचा पॉइंट गॅप (स्प्रिंग आणि स्क्रूमधली फट) कमी, ठोके भराभर. ती खडखड मला आवडते, पण तुम्हाला घ्या म्हणणार नाही. स्प्रिंगा लावत बसाल, शिवाय स्टीलची ट्यूब दर वेळी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने जंतू मारायच्या भांड्यात) 121 अंशांवर. रोटरी पेन घ्या, म्हणजे मोटरवर चालणारं पेनासारखं मशीन. सुई कार्ट्रिजची (नळकांडीत बसवलेली, वापरून फेकायची), आत पडदा असलेलीच. नाहीतर शाई आणि रक्त मागे मशीनमध्ये उतरतं.

स्ट्रोक, म्हणजे सुई किती वर-खाली होते ते अंतर, 3.5 मिमी घेतलात तर दोन्ही कामं भागतात. 4 मिमीचा ठोका जोरकस, जाड रेघेला बरा. 3 किंवा त्याहून कमी मऊ, राखाडी शेडिंगला. स्ट्रोक म्हणजे खोली नव्हे हं, खोली तुमच्या हातात. सुयांमध्ये रेघेला राउंड लायनर (गोल जुडगा), शेडिंगला कर्व्ह्ड मॅग्नम (कमानीसारखी रुंद रांग). मशीन एकच घ्या, उरलेले पैसे कार्ट्रिजवर घाला.

गुरुवारची_लाइट
बॅटरीवालं घ्या. आमच्याकडे गुरुवारी दुपारी लाइट गेली तेव्हा गिऱ्हाईकाच्या पाठीवर अर्धा वाघ होता. फक्त हातात धरून बघा आधी, बॅटरीने बूड जड होतं.

मेंदीवाली_कोथरूड
दादा, आज कोपरापासून ओढून बघितली. जुन्याच कॉइलवर चाळीस शिरोरेषा काढल्या, शेवटच्या सातांना गाठ नाही. खरेदी दिवाळीनंतर. पण पेन आलं की व्होल्टेज किती ठेवू?

कसब्यातला_कॉइलवाला
7 पासून सुरू करा. आवाज ऐका, हाताला जमेल तसं वाढवा. आणि त्या सात रेघांचा फोटो टाका.