पूर्वग्रह बाळगतात, भेदभाव करतात

‘त्याने माझ्याशी पूर्वग्रह केला’ असं वाक्य परवा वाचलं आणि अडखळलो. पूर्वग्रह असतो, बाळगतात, मनात धरून बसतात. करतात तो भेदभाव. ‘भलताच ग्रह करून घेतलास’ म्हणतो तेव्हासुद्धा तो ग्रह आपल्यापाशीच असतो; भेदभावाला मात्र समोर दुसरं माणूस लागतं. राज्यघटनेचं 15वं कलम मनाई करतं ती भेदभावाला. मनातल्या ग्रहाला कलम कसं लावणार?

(‘आकस’ आणखी वेगळा. त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. पूर्वग्रहाला ओळखपाळखही लागत नाही.)

आधी पूर्वग्रह, मग भेदभाव, असा क्रम आपण धरतो. मला तो अपुरा वाटतो. आमच्या वर्गात कंपासपेटी हरवली की गुरुजी पालावरून येणाऱ्या मुलाचं दप्तर आधी उघडायचे. एकदा पेटी दुसऱ्याच बाकाखाली मिळाली. तरी पुढच्या वेळी दप्तर त्याचंच उपडं झालं. पाटी, फडक्यात बांधलेली भाकरी, सगळं फरशीवर. गुरुजींच्या मनात होता तो पूर्वग्रह, त्याचंच दप्तर तपासलं तो भेदभाव. पण बघत बसलेल्या आम्हा पोरांच्या मनात तोवर काहीच नव्हतं. ते दप्तर बघूनच आम्ही शिकलो. आमचा पूर्वग्रह त्या भेदभावातून आला.

हेच सरकारी पातळीवरही झालं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर लावला. त्याखाली जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरली. पोलिसांकडे रोजची हजेरी, सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. ज्यांना कुंपणात ठेवलंय ते चोरच असणार, हे बाहेरच्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. ‘विमुक्त’ हा शब्द त्या सुटकेचा. समजूत मात्र सुटली नाही.

आता आपलाच एक शब्द घ्या: भामटा. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ ही जात आहे. त्या घरातलं पोर जातीच्या दाखल्यावर जो शब्द वाचतं, तोच सकाळच्या पेपरात शिवी म्हणून वाचतं. मी तो लिहिणं सोडलंय. ठक आहे, लबाड आहे, लुच्चा आहे. ‘वृद्धेचे दागिने घेऊन भामटा पसार’ या मथळ्यात ‘चोर’ लिहिलं तर काय कमी पडतं?