१९६९ ची जीटीओ घेतोय: मूळ रूप राखावं की हवे ते बदल करावेत?

नोव्हीकर

मिशिगनमध्येच, घरापासून तासाभरावर, १९६९ ची पाँटिॲक जीटीओ हार्डटॉप विकायला आहे. शेतावरच्या बार्नमध्ये वीसेक वर्षं उभी आहे. डॅशवरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) २४२३७९पी असा सुरू होतो. गाडीत सध्या ४५५ घनइंची इंजिन आहे. मूळचं ४०० शेडमध्ये सुटं पडलंय आणि ते सोबत मिळेल, असं विकणारा सांगतो. मन्सीचा चार गिअरचा बॉक्स, चारही चाकांना ड्रम ब्रेक, काळं व्हिनाइल छप्पर. दाराच्या कडेला लाल रंगाखाली हिरवा दिसतो. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार ही 'जज', म्हणजे जीटीओची खास महागडी आवृत्ती, आहे आणि किंमतही त्याच हिशेबाने सांगतोय.

माझा विचार असा: पुढे डिस्क ब्रेक, पाच गिअरचा बॉक्स आणि जजचा कॅरोसेल रेड रंग (नावात रेड, दिसायला नारिंगी). पण असं करून एक चांगली मूळ गाडी बिघडवतोय का, ही धाकधूक आहे. घेण्याआधी नेमकं काय तपासू? सुट्या इंजिनाला किती महत्त्व देऊ? आणि कोणते बदल केले तर पुढे पस्तावावं लागणार नाही?

कागदआधी

सगळ्यात आधी पीएचएस, म्हणजे पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस, यांच्याकडून या व्हीआयएनचे कागद मागवा. कारखान्याने डीलरला केलेल्या बिलाची नोंद त्यांच्याकडे १९६१ पासूनच्या गाड्यांची आहे. इंजिन, गिअरबॉक्स, रंग, ऑप्शन सगळं त्यात असतं. शेव्हरोलेवाल्यांना अशी सोय नाही, तेव्हा पाँटिॲक घेताना ती वापरली नाही तर चूक आपली.

तुमच्या व्हीआयएनमधला २ म्हणजे पाँटिॲक, ४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ९ म्हणजे १९६९ आणि पी म्हणजे पाँटिॲक गावातला कारखाना. गाडी खरी जीटीओ आहे, एवढं यावरून ठरलं. ला मान्सला (पाँटिॲकच्याच साध्या मॉडेलला) बिल्ले लावून जीटीओ केलेली नाही. जज मात्र व्हीआयएनवरून कधीच कळत नाही, कारण तो ऑप्शनचा पॅकेज होता. १९६९ मध्ये ७२,२८७ जीटीओ बनल्या, त्यांतल्या जज फक्त ६,८३३. खाली हिरवा रंग निघाला म्हणून जज नाही, असंही म्हणता येत नाही. पुढे जज इतर रंगांतही मिळत होती. निकाल बिलावरच. बिल येईपर्यंत 'जज' या शब्दाचा एक डॉलरही देऊ नका.

आता इंजिन. शेडमधल्या ब्लॉकची पुढची बाजू, गाडीत बसलं असता पॅसेंजरकडची, हेडच्या खाली पाहा. तिथे दोन अक्षरी कोड असतो. १९६९ च्या साध्या ३५० अश्वशक्तीच्या ४०० ला, हाताच्या गिअरसोबत, डब्ल्यूटी. त्याच इंजिनाच्या जास्त ताकदीच्या आवृत्त्यांपैकी रॅम एअर थ्रीला डब्ल्यूएस. रॅम एअर फोरला डब्ल्यूडब्ल्यू. टायमिंग कव्हरच्या कडेला अर्धा व्हीआयएन ठोकलेला असतो: २९पी आणि पुढे गाडीचा सहा आकडी क्रमांक. तो डॅशवरच्या शेवटच्या सहा आकड्यांशी जुळला तर इंजिन या गाडीचंच. ब्लॉकच्या मागच्या अंगाला ओतीव क्रमांक ९७९००७१ असायला हवा. डिस्ट्रिब्युटरच्या भोकाजवळ तारखेचा कोड असतो: अक्षर महिन्याचं, मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. 'के १३ ८' म्हणजे १३ नोव्हेंबर १९६८. ही तारीख गाडी बनण्याच्या आधीची हवी. नंतरची निघाली तर ठोकलेल्या आकड्यांवरच संशय घ्या.

आकडे वाचायला ब्रेक क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर तिथे फिरवायचा नाही. डॅशवरची व्हीआयएन पट्टी फुलाच्या आकाराच्या रिव्हेटनी बसवलेली असते. साधे गोल रिव्हेट दिसले तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर एकेक आकडा करून जुळवा, विकणाऱ्याने वाचून दाखवलेला चालणार नाही.

पत्रापारखी

इंजिनाच्या गप्पा नंतर. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. या गाड्या इंजिनाने मरत नाहीत, गंजाने मरतात.

व्हिनाइल छप्पर आहे म्हणताय, तर तिथूनच सुरुवात करा. मागच्या काचेभोवतीच्या क्रोम पट्टीच्या क्लिपांपाशी पाणी साचतं आणि काचेखालची पन्हळ आतून कुजते. ते पाणी पुढे डिकीत उतरतं. डिकीतली चटई काढून फरशी पाहा, दोन्ही बाजूंचे खोल कोपरेही पाहा. व्हिनाइलखाली बोटाला फुगवटा लागला तर तिथे पत्रा उरलेला नाही असंच धरा.

मग खालून. गाडी चार स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. या गाडीची चासी वेगळी आहे आणि वर बॉडी बोल्टने बसते. हार्डटॉपच्या चासीचे बाजूचे दांडे इंग्रजी 'सी'सारखे उघडे, कन्व्हर्टिबलचे बंद. मागच्या ॲक्सलवर चासी जिथे कमान घेते आणि मागचे कंट्रोल आर्म जिथे जोडले जातात, तिथे हातोडीने हलकेच ठोका. टणक आवाज यायला हवा. बद्द वाजलं, पापुद्रे निघाले, तर चासी बदलायची तयारी ठेवा. बॉडी आणि चासीमधल्या रबरांच्या जागा, ड्रायव्हरच्या पायाखालची फरशी, आणि पुढच्या काचेखालची वाऱ्याची पेटी राहू देऊ नका. ही पेटी आतून सडली की पाणी थेट पायांवर येतं, आणि ती दुरुस्त करायला पुढची काच नि डॅश दोन्ही उतरवावं लागतं. पुष्कळ जण हे पाहतच नाहीत.

पुट्टी शोधायला रंगाची जाडी मोजणारा मीटर घ्या. कारखान्याचा रंग साधारण ३ ते ५ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) भरतो. ८–१० म्हणजे वरून रंग मारलाय. २५–३० च्या वर गेलं की खाली पुट्टी. मागच्या चाकाच्या कमानीवर आणि तिच्यामागच्या खालच्या कोपऱ्यावर प्रत्येक बाजूला दहा-बारा ठिकाणी मोजा. पुढचा एंड्युरा बंपर मोजण्यातून सोडा, तिथे लोखंडावर युरेथेन आहे. त्यावर भेगा असतील तर लवचिक पुट्टी आणि रंगात फ्लेक्स मिसळूनच काम करावं लागतं, साधा रंग पुन्हा तडकतो.

पत्रा बदलायचाच झाला तर मागचा पूर्ण क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) घेऊन कारखान्याच्या मूळ सांध्यावर जोडा. नुसतं साल चढवून मध्ये वेल्ड केलं तर उष्णतेने पत्रा लाटा धरतो आणि मग पुन्हा पुट्टी. बॉनेट, डिकी, छप्पर असल्या सपाट पत्र्यांवर सँडब्लास्टिंग नको, तेही वाकतात. रसायनाने रंग उतरवा आणि उघडा पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली घ्या.

चारगिअर

बदलांबद्दल माझा निकष सरळ आहे. बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं ते खुशाल करा. कापणं, भोक पाडणं, मूळचा रंग खरवडणं यावर मात्र सहा महिने थांबा.

डिस्क ब्रेक नक्की लावा. त्यासाठी डिस्कचे स्पिंडल किंवा पूर्ण किट, मास्टर सिलेंडर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटणारा) लागेल. जुने स्पिंडल नि ड्रम तेल लावून खोक्यात ठेवा. ड्रमसाठीचं १४ इंची चाक कॅलिपरला घासू शकतं, म्हणून टायर घेण्याआधी नुसती रिम लावून फिरवून पाहा. ड्रमच ठेवणार असाल तरी चारही व्हील सिलेंडर आणि रबरी नळ्या (पुढे दोन, मागे एक) नवीनच. वीस वर्षांची नळी बाहेरून छान दिसते आणि आतून सुजून बंद होते. मग ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

पाच गिअरला ट्रेमेकचा टीकेएक्स पाहा. जुना टीकेओ बसवताना या बॉडीत टनेल (फरशीचा मधला उंचवटा) कापण्याची वेळ येते, ते टाळा. मन्सीच्या बॉक्सवरही अर्धा व्हीआयएन ठोकलेला असतो. तो जुळत असेल तर बॉक्स विकू नका, कोपऱ्यात पडला तरी चालेल.

४५५ बद्दल घाबरू नका. पाँटिॲकचे ४०० आणि ४५५ बाहेरून एकाच मापाचे, माउंटिंगही तीच. चासीला काही कापाकापी झालेली नसणार. पण त्यावर हेड कोणते आहेत ते पाहा. मधल्या एक्झॉस्ट पोर्टच्या वर आकडा ओतलेला असतो. मूळ ४०० चे ४८ नंबरचे हेड कोणी ४५५ वर चढवले असतील तर कॉम्प्रेशन ११ च्या पुढे जातं आणि पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर इंजिन खडखडतं. मग खोलगट पिस्टन तरी घाला, नाहीतर ६एक्ससारखे मोठ्या चेंबरचे हेड. मूळचे ४८ नंबरचे हेड सुट्या ४०० सोबत जपून ठेवा.

नोव्हीकर

कागद आले आणि काल पुन्हा जाऊन पाहिलं. बिलावर साधी जीटीओ आहे, जज नाही. ३५० अश्वशक्ती, चार गिअर, हिरवा रंग, व्हिनाइल छप्पर. शेडमधल्या ब्लॉकवर डब्ल्यूटी आहे आणि अर्धा व्हीआयएन जुळतो. पण एका सिलेंडरमध्ये पाणी साचून खोल खड्डे पडलेत. चासी टणक वाजते. मागचे दोन्ही क्वार्टर खालून गेलेत, काचेखालची पन्हळही. विकणाऱ्याने जजचा हट्ट सोडला आणि भाव उतरवला. आता ब्लॉकचं काय? आणि रंगाचं?

कागदआधी

मग घ्या. ब्लॉक मशीन शॉपला द्या, पण आधी सॉनिक टेस्टने भिंतींची जाडी मोजून घ्या. मूळ बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ४.१२ इंच. ०.०३० वाढवून खड्डे गेले तर उत्तम. नाही गेले तर सगळे सिलेंडर ०.०६० पर्यंत नेऊ नका, त्या एका सिलेंडरला स्लीव्ह (आतली नवी नळी) बसवा. पाँटिॲकचं एक बरं आहे: कोड पुढच्या अंगावर असल्यामुळे डेक (हेड बसतो तो ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग) घासला तरी आकडे जात नाहीत. शेव्हरोलेत ते डेकवरच असल्याने घासताना पुसले जातात. तरी शॉपला लिहून द्या की पुढचा भाग ब्लास्ट करायचा नाही, आणि तिथे टेप लावा.

तोवर ४५५ वर गाडी चालवा. चालू करण्याआधी टाकी उतरवून धुवा, इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या ३०आर९ दर्जाच्या घाला, कारण इथेनॉल जुनं रबर खातं. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन चमचे तेल सोडा, तीन-चार दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या बोल्टवर पाना लावून हाताने फिरवा. डिस्ट्रिब्युटर काढून षटकोनी दांडा ड्रिलला लावा आणि ऑइल पंप उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, फिरवा. रॉकरपर्यंत तेल आलं की पुरे. तेलाचं चेंबर (इंजिनाखालचं ऑइल पॅन) उतरवून पाहिलंत तर फारच चांगलं: कारखान्याच्या टायमिंग गिअरला नायलॉनचे दात असत. ते झडून या पॅनमध्ये पडतात आणि पंपाची जाळी बंद करतात. तेल झिंकवालं घ्या, कॅम फ्लॅट टॅपेटचा आहे.

पत्रापारखी

क्वार्टर बदलायचे म्हणजे रंग करावाच लागणार, तेव्हा जुना रंग राखायचा प्रश्न बाहेरून तरी उरला नाही. पण डिकीच्या आत, दारांच्या कडांना आणि डॅशखाली मूळ हिरवा राहू द्या, रंग जुळवायला तोच नमुना. माझं मत हिरव्याचं. बिलावरचा रंग, बिलावरचं इंजिन, बिलावरचा गिअरबॉक्स असलेली साधी जीटीओ ही नारिंगी रंगातल्या नकली जजपेक्षा केव्हाही चांगली. तरी नारिंगी हवाच असेल तर मागच्या स्पॉयलरची भोकं मूळ डिकीच्या झाकणाला पाडू नका. रीप्रॉडक्शनचं दुसरं झाकण घ्या आणि मूळचं गुंडाळून ठेवा.

चारगिअर

विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, बाजारभावाचा नको. त्यासाठी बिल, आकड्यांचे फोटो आणि सुट्या भागांची यादी एकत्र ठेवा. मिशिगनची हिस्टॉरिक प्लेट २६ किंवा त्याहून जास्त वर्षांच्या गाडीला मिळते. ती मेळावे, प्रदर्शनं, परेड यांसाठी असते, पण ऑगस्ट महिनाभर कुठेही चालवायची मुभा आहे. वुडवर्ड ड्रीम क्रूझ, डेट्रॉइटजवळचा जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी. ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या आत्ता हातात घेतल्यात तर ४५५ वर, लाल रंगातच का होईना, तिथवर पोचाल.