पावसाळी ट्रेक: स्लीपिंग बॅग कोरडी कशी ठेवायची? मदत हवी आहे

शनिवारी लोणावळ्याहून राजमाची, मुक्काम उधेवाडीत गावातल्या घरी, रविवारी कोंढाणे लेण्यांच्या वाटेने कर्जतला उतरून लोकलने दादर. तंबू, स्टोव्ह काही नाही. सॅक ४० लिटरची, रेनकव्हर आहे. पण मुसळधार पावसात पाणी पाठीवरून ओघळत पट्ट्यांच्या शिवणीतून आत शिरतं आणि तळाशी साचतं, नेमकं स्लीपिंग बॅगपाशी. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या लावून पाहिल्या, कोंबताना फाटतात. सॅकवरून पोंचो घेतला तर उतरणीवर पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, म्हणून तो नको. नवी सॅकही नको. तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग घ्यावी (किती लिटरची?), की जाड प्लास्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी आत लावली तर पुरेल? शुक्रवारपर्यंत दादर-परळ भागात प्रत्यक्ष बघून कुठे घेता येईल?