शब्दचर्चा : मदत, मोबदला, भरपाई की येणे?

प्रश्न

हवामान बदलाविषयीच्या, छोट्या शेतकऱ्यांच्या एका जाहीरनाम्याचा अनुवाद करते आहे. ‘क्लायमेट जस्टिस’ला ‘हवामान न्याय’ लिहिले आणि पुढे गेले. अडले ते ‘फेअर कॉम्पेन्सेशन’पाशी. पहिल्या खर्ड्यात ‘योग्य मदत’ लिहिले होते, पण मोठ्याने वाचल्यावर जाणवले की मुळात जो हक्क आहे तो मराठीत उरलाच नाही. मोबदला, भरपाई, क्षतिपूर्ती, अनुदान, सगळे लिहून खोडून झाले. दुसरे म्हणजे ‘लॉस अँड डॅमेज’ला ‘हानी आणि नुकसान’ ही द्विरुक्ती वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

‘मदत’ खोडलीत ते बरे केलेत. मदत करणारा आपल्या मर्जीने करतो, आणि ज्याला मिळते त्याने आभार मानायचे असतात. ‘अनुदाना’त तर ‘दान’ उघडच बसले आहे. ज्याच्या धुराड्यामुळे शेत बुडाले त्याचे आभार शेतकऱ्याने का मानावेत?

‘मोबदला’ चांगला शब्द आहे, पण इथला नाही. तो अरबीतून आला, ‘बदल’, ‘बदला’ यांच्या कुळातला. त्यात अदलाबदल आहे: मी काही दिले, त्याबदल्यात काही घेतले. शेतकऱ्याने आपले पीक वादळाला कुठल्या सौद्यात दिलेले नसते. जाहीरनाम्यात जमिनीत कार्बन साठवण्याबद्दल, झाडे राखण्याबद्दल पैसे मागितले असतील, तर तिथे मात्र ‘मोबदला’च हवा, कारण तिथे शेतकरी खरोखर काही देतो आहे. हे दोन पैसे एका शब्दात कोंबू नका. एकाचा हिशेब दाखवून दुसरा बुडवणे फार सोपे होते.

उरली ‘भरपाई’. तिची घडण ‘भर’ आणि ‘पावणे’ अशी दिसते. ‘पावती’ही त्याच ‘पावणे’तून आली. म्हणजे जेवढे गेले तेवढे भरून पावले. म्हणून मला ‘अंशतः भरपाई’ हा प्रयोग खटकतो. अर्धे दिले तर ती भरपाई झालीच नाही, हप्ता झाला. आणि ‘फेअर’ला ‘योग्य’ नको. योग्य काय ते देणारा ठरवतो. ‘रास्त’ किंवा ‘न्याय्य’ म्हणा.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत, फक्त एक सावधगिरी. ‘कॉम्पेन्सेशन’ हा शब्द आंतरराष्ट्रीय करारांत मुद्दाम टाळला जातो, त्यामुळे अनुवादात तो कुठे आहे आणि कुठे नाही हे काटेकोरपणे पाहावे लागते. हवामान बदलाविषयीच्या पॅरिस कराराचे कलम 8 हानी आणि नुकसानीबद्दल आहे. पण 2015 साली करारासोबत जो निर्णय झाला त्यात लिहून ठेवले आहे की हे कलम कुठल्याही दायित्वाचा किंवा भरपाईचा आधार होत नाही. 2022 मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत या हानी-नुकसानीसाठी निधी ठरला, 2023 मध्ये दुबईच्या परिषदेत तो सुरू झाला. त्याचे अधिकृत नाव ‘हानी आणि नुकसानीला प्रतिसाद देण्यासाठीचा निधी’ अशा अर्थाचे आहे. प्रतिसाद! भरपाई नाही. दुबईच्या निर्णयातही ‘सहकार्य’ आणि ‘सुलभीकरण’ हे शब्द आहेत आणि दायित्व नाकारलेले आहे. हा शब्दांचा खेळ नव्हे, त्यावर वर्षानुवर्षे भांडणे झाली आहेत. म्हणून करारांच्या अवतरणात ‘भरपाई’ घुसवू नका. शेतकऱ्यांच्या मागणीत मात्र ती ठणकावून लिहा.

23 जुलै 2025 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिले. हवामानाविषयीची कर्तव्ये मोडणाऱ्या राष्ट्रावर, अटी पूर्ण होत असतील तर, संपूर्ण परिमार्जनाची, म्हणजे केलेले नुकसान निस्तरण्याची, जबाबदारी येऊ शकते, असे त्यात आहे. त्या परिमार्जनाचे तीन प्रकार आहेत: पूर्ववत करून देणे, भरपाई, आणि तिसरा, ज्याला इंग्रजीत ‘सॅटिस्फॅक्शन’ म्हणतात. कृपा करून याला ‘समाधान’ लिहू नका. त्यात चूक मान्य करणे, माफी मागणे येते. मला ‘कबुली’ जवळचा वाटतो.

प्रतिसाद

हानी आणि नुकसान ही द्विरुक्ती नाही. मराठीत ‘जीवितहानी’, ‘प्राणहानी’, ‘मानहानी’ म्हणतात. ‘प्राणाचे नुकसान’ कोणी म्हणत नाही. गेलेले परत येणार नसेल तर हानी, दुरुस्त होण्यासारखे असेल तर नुकसान, अशी ढोबळ विभागणी भाषेने आधीच केली आहे. हवामानाच्या चर्चेतही ‘लॉस’ आणि ‘डॅमेज’मध्ये साधारण हाच फरक धरतात. खारे पाणी शिरून कायमची नापीक झालेली जमीन, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आणि आता नाहीसे झालेले बियाणे, ही हानी. पडलेली विहीर, मोडलेला बांध, हे नुकसान.

प्रतिसाद

‘वित्तहानी’चे काय? पैसा परत येतोच की.

प्रतिसाद

बरोबर, तिथे नियम मोडतो. ‘जीवित व वित्तहानी’ हा जोडशब्द छापील बातम्यांतून रुळला. तरी बोलताना कोणी ‘माझी वित्तहानी झाली’ म्हणत नाही, ‘नुकसान झालं’ म्हणतो.

प्रतिसाद

चर्चेत एक जुनी जोडी अजून आली नाही: अस्मानी आणि सुलतानी. पाऊस, दुष्काळ, टोळधाड ही अस्मानी. जुलमी वसुली, लूट, युद्ध ही सुलतानी. अस्मानीला कोणाला जाब विचारायचा? म्हणून तिथे मदत. सुलतानीला जाब विचारता येतो, म्हणून तिथे भरपाई. हवामान बदलाने ही सीमारेषाच पुसली. आभाळातून कोसळते तेच, पण त्यामागे माणसाने जाळलेला कोळसा आणि तेल आहे. त्यामुळे जाहीरनाम्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ असेल तिथे दोनदा विचार करा. तो शब्द लिहिला की आरोपी निसर्ग ठरतो.

पेरूतले शेतकरी साउल लुसियानो ल्यूया यांनी 2015 साली आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर दावा लावला, तो मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. हिमनदी वितळून वरचे सरोवर फुगले, खाली त्यांचे घर. त्यांनी मागितला तो पुरापासून बचाव करण्याच्या खर्चातला वाटा, जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातल्या कंपनीच्या हिश्श्याच्या प्रमाणात, 0.47 टक्के. मे 2025 मध्ये जर्मनीतल्या हाम इथल्या न्यायालयाने दावा फेटाळला, कारण त्यांच्या घराला असलेला धोका पुरेसा सिद्ध झाला नाही. पण मोठे उत्सर्जक तत्त्वतः जबाबदार धरले जाऊ शकतात, हे न्यायालयाने मान्य केले. या मागणीला ‘भरपाई’ म्हणणे चुकीचे ठरेल. इथे शब्द ‘वाटा’.

आणि माझे मत विचाराल तर मागणीच्या मुख्य वाक्यात ‘येणे’ वापरा. हिशेबाच्या वहीत येणे आणि देणे समोरासमोर असतात. येणे म्हटले की देणेकरी कोण हा प्रश्न आपोआप उभा राहतो. दोन हेक्टरहून लहान शेते जगातल्या एकूण शेतांच्या सुमारे 84 टक्के आहेत आणि जगाचे साधारण एक तृतीयांश अन्न पिकवतात. 2017-18 च्या हिशेबात हवामानासाठीच्या निधीतले जेमतेम 1.7 टक्के छोट्या शेतकऱ्यांपर्यंत गेले होते. एवढी तफावत ‘मदत अपुरी’ या शब्दांत मावत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मुख्य वाक्य आता असे झाले: ‘आमचे येणे आम्हाला मिळावे, रास्त भरपाई हा त्याचा पहिला भाग आहे.’ ‘नैसर्गिक आपत्ती’ तीन ठिकाणी होती, दोन ठिकाणची काढली.

आता आणखी एक अडचण समोर आली आहे. ‘स्मॉल-स्केल फार्मर’ला मी सगळीकडे ‘अल्पभूधारक’ लिहिले होते. पण भूधारक म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो. दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा बटाईने कसणारे आणि सातबाऱ्यासारख्या कुठल्याही कागदावर नाव नसलेल्या बायका या शब्दाबाहेर राहतात, आणि पैसे वाटताना शब्दाबाहेरचा माणूस यादीबाहेरही जातो. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या शेतकरी हक्क जाहीरनाम्यात भूमिहीनही धरले आहेत. ‘कसणारे’ हा शब्द मला आवडतो, पण शीर्षकात तो एकटा उभा राहील का? ‘छोटे कसणारे’ कानाला बरे वाटत नाही.