मदत हवी: चार रात्रींत पाच कोंबड्या गेल्या, मुंगसाला कसं घालवू?

परसू_पेडणे
मंडळी, डोकं फिरायची वेळ आली आहे. चार रात्रींत पाच गावठी कोंबड्या गेल्या, त्यातल्या दोन एकाच रात्री. मुंगूसच आहे, परवा दुपारी गडग्यावर बघितलं. जाळी आहे, दार रोज लावतो, तरी सकाळी बघावं तर कोंबडी आत पडलेली, डोकं गायब, बाकी अंग तसंच. आता नऊ उरल्यात आणि एक कोंबडा. एक खुडूक आहे, अकरा अंड्यांवर बसलीय. मुंगसावर खात्रीचा उपाय सांगा. भाषण नको, आज रात्रीच काहीतरी करायचं आहे.

कुळागरकर
जाळी कसली? छप्पर कसलं? खाली माती की कोबा? खुराडं घराला लागून आहे की लांब?

फोंड्याची_सून
लस दिलीय का? रानीखेत रोगाची म्हणतेय. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा डोळ्यात एक थेंब, मग दोन महिन्यांनी आर-टू-बी लशीचं इंजेक्शन. आमच्याकडे रानीखेत आला तेव्हा आठवड्यात खुराडं रिकामं झालं.

परसू_पेडणे
ताई, डोकं कोणीतरी खाल्लंय. रानीखेत डोकं खात नाही.

फोंड्याची_सून
मी आपलं सांगून ठेवलं. उरलेल्या तरी वाचतील.

डिचोलीचा_दादा
एवढं कशाला डोकं खाजवता? जाळीला घरातली वायर जोडा, रात्री बटण चालू. आमच्या वाड्यावर एकानं केलंय, काही येत नाही. नाहीतर मेलेल्या कोंबडीत किडीचं औषध घालून ठेवा.

म्हादईकाठ
दादा, पावसात ओल्या जाळीला घरातला करंट लावून पहाटे अंडी काढायला कोण जाणार, घरातली म्हातारी ना? आणि विषाचं नाव काढू नका. जानेवारी २०२० मध्ये आमच्या सत्तरीत वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषबाधेनं मेली. तुमची कोंबडी खाऊन आधी शेजाऱ्याचा कुत्रा मरेल.

डिचोलीचा_दादा
वाघ कोंबड्या खायला येतात का पेडण्यात? काहीही. व्याघ्र प्रकल्पाचं इथं काढू नका, त्याचा वेगळा धागा आहे.

म्हादईकाठ
प्रकल्पाचं मी काढलंच नाही, तुम्हीच काढलंत. असो. परसूभाऊ, कोंबडी रात्री मरते म्हणता. मुंगूस दिवसा फिरतं, अंधार पडला की बिळात. गडग्यावर दिसलं ते त्याच्या कामाला आलं असेल. रात्रीचा चोर दुसरा आहे.

परसू_पेडणे
मग कोण? आमचे बाबा ठामपणे मुंगूसच म्हणतात. कुळागरकर, जाळी बाजारात मिळते ती कोंबडीची. छप्पर मंगळुरी कौलांचं. खाली कोबा आहे, घूस येणार नाही.

कुळागरकर
हे आधी सांगायला हवं होतं. ती सहा कोनांची बारीक तारेची जाळी कोंबडी अडवायला ठीक, पण कुत्रा दातानं ओढून फाडतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजून हाताने तुटते. अर्ध्या इंचाचा वेल्डमेश घ्या, म्हणजे जोड दिलेल्या जाड तारांची चौकोनी जाळी, जीआयची, जस्त चढवलेली. पण आधी बघा, जाळी कुठे फाटलीय का? आणि भिंतीच्या वर, वळचणीला कौल आणि वाशाच्या मधे किती फट आहे?

परसू_पेडणे
जाळी कुठेच फाटलेली नाही. फटीतून हात जातो. पण जमिनीपासून सहा फूट उंच आहे, एवढ्या वरून काय येणार?

म्हादईकाठ
कांडेचोर येणार, म्हणजे उदमांजर. माडावर सरसर चढतो, त्याला सहा फूट म्हणजे काय? हात जातो तिथून तो अंग चोरून जातो. एक करा, आज रात्री चुलीतली राख चाळून खुराड्याच्या आत भिंतीकडेनं पसरा. कुत्र्या-मांजराच्या पावलाला चार बोटं उठतात, कांडेचोराला पाच.

डिचोलीचा_दादा
मुंगसाला पण पाचच. मग?

म्हादईकाठ
म्हणून तर राख भिंतीकडेला. पावलं वरून उतरलेली आहेत का ते बघायचं.

निवृत्त_मास्तर
आमच्या काणकोणला घोरपड अंडी नेते. तिच्या अंगाला हात लावू नका, १९७२ च्या कायद्यात ती पहिल्या परिशिष्टात आहे. माझ्या लहानपणी घुमटं, म्हणजे आपली मातीची वाद्यं, घोरपडीच्या कातड्याची असायची, तो आवाज आता नाही. शिगम्यात बोकडाच्या कातड्याची वाजवतात, थंडगार लागतात.

फोंड्याची_सून
मास्तर, घुमटावर लिहाच की सविस्तर!

परसू_पेडणे
राख घातली होती. रात्री अडीचला कोंबडा ओरडला, बॅटरी घेऊन धावलो. काही दिसलं नाही पण कोंबड्या सगळ्या जिवंत. सकाळी राखेत पावलं, पाच बोटांची, वळचणीखालच्या कोपऱ्यातून सुरू होऊन तिथंच संपलेली. फटीच्या वाशाला काळपट केस अडकलेले. आणि कौलावर लेंडी, सगळी बियाच बिया. आई म्हणाली भिल्लमाडाच्या. भिल्लमाड आमच्याच परसात आहे, आणि शेजारच्या फणसाची फांदी थेट कौलांवर टेकलेली. बाबा अजून मुंगूसच म्हणतायत.

कुळागरकर
फांदी आजच तोडा, कौलांपासून निदान सहा-सात फूट मोकळं हवं. फटीत चिंध्या-बिंध्या कोंबू नका, तो उपसून काढतो. वेल्डमेशची पट्टी वाशाला वॉशर घालून स्क्रूनं मारा, नुसता खिळा धरत नाही. पट्टीचं दुसरं टोक चिऱ्यांवर लोखंडी पट्टीनं दाबा. कौलंही तारेनं बांधा, तो एखादं सरकवून बघतो. खुडुकीला आजची रात्र घरात न्या, टोपलीसकट, अंधार पडल्यावर. उजेडात हलवलीत तर अंडी सोडेल.

डिचोलीचा_दादा
एवढा खर्च? एक कुत्रा पाळा.

म्हादईकाठ
आमच्या कुत्र्यानं तीन पिल्लं खाल्ली. बोला.

परसू_पेडणे
फांदी तोडली, शेजारी दोन शब्द बोलले, फणस लागलेला होता म्हणून. दोन देऊन मिटवलं. पट्टी संध्याकाळी बसवली, जाळी कापताना अंगठा कापून घेतला. खुडूक स्वयंपाकघरात पिंपामागे बसलीय, आई कुरकुरतेय. उद्या सांगतो.

नवीन_वाळपई
सगळं वाचलं. आमच्या खुराड्यात आत्ता अजगर आहे, पोट फुगलेलं, दार उघडं आहे. इथंच विचारू की नवीन धागा काढू?

कुळागरकर
आधी वनखात्याला फोन करा, मग धागा काढा. दार लावा पण अजगराला काठी लावू नका. आणि कोंबड्या किती होत्या, दिसतात किती?